निकाल जुलैमध्येच लागायचा

आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की पहिली बातमी तिकिटाची असते. एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला, कुणाचा पत्ता कट झाला, कुणी बंडखोरी केली, कुणाची समजूत काढली. हे सगळं उरकलं की मग मतदार म्हणून आपला नंबर लागतो. तिकीट ठरवताना आपल्याला कुणी विचारत नाही आणि आपल्यालाही त्यात फारसं काही खटकत नाही. पक्ष त्यांचा, तिकीट त्यांचं.

अमेरिकेत हे तिकीटसुद्धा मतदान घेऊन ठरवतात. त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. नोव्हेंबरमध्ये वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार समोरासमोर येतात ती मुख्य निवडणूक. त्याआधी काही महिने, आपल्या पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला होते ती प्रायमरी. तिचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे. काही राज्यांत त्या पक्षाकडे नाव नोंदवलेल्यालाच मत देता येतं. काही ठिकाणी कुणीही येऊन हवी त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. कुठे सगळ्यात जास्त मतं मिळाली की झालं, तर कुठे निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान.

वाचायला हे सगळं कंटाळवाणं वाटतं, मान्य. पण ‘नियमाचा माणसाच्या वागण्यावर काय परिणाम होतो’ या जातीचा प्रश्न घेऊन तुम्ही पीएचडीच्या तयारीला लागला असाल, तर प्रायमरीचा इतिहास एकदा नीट वाचाच. विषय राज्यशास्त्राचा नसला तरी चालेल. माझं स्वतःचं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं आहे. या इतिहासात मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते एका अगदी साध्या प्रश्नानं: आपण मोजतोय तिथेच निर्णय होतोय का?

आधी ही भानगड सुरू कशी झाली ते पटकन पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत अमेरिकेतही तिकिटं पक्षाच्या अधिवेशनांत, म्हणजे खरं तर आतल्या खोलीत ठरायची. विस्कॉन्सिन राज्यातले रॉबर्ट ला फॉलेट १८९६ आणि १८९८ मध्ये गव्हर्नरपदाच्या तिकिटासाठी उभे राहिले आणि दोन्ही वेळा अधिवेशनात पडले. तिथे प्रतिनिधींची खरेदी-विक्री होते असा त्यांचा आरोप होता. १९०० मध्ये ते गव्हर्नर झाले. मग त्यांनी थेट प्रायमरीचा कायदा लावून धरला. १९०३ मध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला, १९०४ मध्ये लोकांनी मतदान करून त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि १९०६ मध्ये तो पहिल्यांदा वापरला गेला. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्यांनी हीच वाट धरली. हेतू उघड होता: तिकीट पुढाऱ्यांच्या हातून काढून लोकांच्या हाती द्यायचं.

आता ‘लोक’ म्हणजे कोण, हा प्रश्न दक्षिणेकडच्या राज्यांनी स्वतःच्या पद्धतीनं सोडवला. इथे जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे.

टेक्सास राज्यात जानेवारी १८७४ पासून जानेवारी १९७९ पर्यंत एकूण एक गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. सलग १०५ वर्षं. यादवी युद्धानंतर गोऱ्या दक्षिणेचा राग रिपब्लिकन पक्षावर होता. लिंकनचा पक्ष, गुलामी संपवणारा पक्ष. त्यामुळे नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवार उभा राहिला म्हणजे तो आलाच. स्पर्धा व्हायची ती डेमोक्रॅटिक प्रायमरीत, आणि प्रायमरी असायची जुलैमध्ये. नोव्हेंबरमध्ये लोक मतदानाला जायचे ते जवळजवळ ठरलेल्या निकालावर सही करायला. दक्षिणेत कितीतरी वेळा प्रायमरीला नोव्हेंबरपेक्षा जास्त मतदान व्हायचं ते यामुळेच. लोक मूर्ख नसतात, निर्णय कुठे होतो हे त्यांना बरोबर कळतं.

अमेरिकेच्या राज्यघटनेतली १५वी दुरुस्ती १८७० ची. वंश किंवा वर्णावरून मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही, असं ती सांगते. मतदान कर, साक्षरतेच्या चाचण्या वगैरे अडथळे दक्षिणेत होतेच. टेक्सासमध्येही १९०२ पासून मतदान कर होता. पण कर भरून पावती घेतलेला कृष्णवर्णीय माणूस नोव्हेंबरमध्ये मत द्यायला आला, तर त्याला अडवायला कायद्याचं कारण नव्हतं. आणि अडवायची गरजही नव्हती. १९२३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं सरळ कायदाच केला की डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत कृष्णवर्णीयांना भाग घेता येणार नाही. नोव्हेंबरचं दार उघडं, जुलैचं बंद. इतिहासात याला ‘व्हाइट प्रायमरी’ म्हणतात.

एल पासो शहरात लॉरेन्स निक्सन नावाचे कृष्णवर्णीय डॉक्टर होते. जुलै १९२४ मध्ये ते मतदान कराची पावती घेऊन प्रायमरीच्या केंद्रावर गेले. मत देऊ दिलं नाही. त्यांनी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांवर पाच हजार डॉलर नुकसानभरपाईचा दावा लावला. पाठीशी होती ती एनएएसीपी, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेला हा निकाल अगदी छोटा आहे: राज्याचा हा कायदा १४व्या दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या विरोधात आहे, रद्द.

संपलं असं वाटलं ना? टेक्सासनं कायदा बदलला. नव्या कायद्यात वर्णाचा उल्लेखच नाही. फक्त एवढंच की आपल्या प्रायमरीत कोण मतदान करणार हे पक्षाची राज्य कार्यकारी समिती ठरवेल. समितीनं लगेच ठराव केला: फक्त गोरे. डॉ. निक्सन पुन्हा कोर्टात. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की समितीला हा अधिकार सरकारच्या कायद्यानं दिला, म्हणून समितीचं कृत्य हे सरकारचंच कृत्य, म्हणून रद्द.

निकालातली पळवाट तुमच्या लक्षात आली असेल. टेक्सासच्या डेमोक्रॅटांच्याही आली. काही आठवड्यांतच पक्षाच्या राज्य अधिवेशनानं, कुठल्याही कायद्याचा आधार न घेता, स्वतःच ठराव केला की पक्षाचं सदस्यत्व फक्त गोऱ्या नागरिकांसाठी. आता सरकारचा संबंधच नाही! ह्यूस्टनमधल्या ग्रोव्ही नावाच्या केशकर्तनकारानं दावा लावला तो फक्त दहा डॉलरचा. रक्कम मुद्दाम लहान ठेवली होती, कारण इतक्या छोट्या दाव्यावर राज्यातल्या वरच्या कोर्टात अपील नव्हतं, म्हणजे खालच्या कोर्टातून थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यायचं. युक्ती हुशारीची होती, निकाल मात्र उलटा लागला. १९३५ मध्ये सर्वच्या सर्व नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की पक्ष ही खाजगी संस्था आहे, तिनं कुणाला सभासद करावं हा तिचा प्रश्न.

पक्ष त्यांचा, तिकीट त्यांचं. सुरुवातीला मी हेच वाक्य किती सहज लिहिलं होतं बघा.

हा निकाल नऊ वर्षं टिकला. दरम्यान १९४१ मध्ये लुइझियाना राज्यातलं एक वेगळंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. तिथे प्रायमरीच्या मतपत्रिकांमध्ये फेरफार झाला होता, वर्णाचा काही संबंध नव्हता. त्यात न्यायालयानं म्हटलं की जिथे प्रायमरी ही प्रतिनिधी निवडण्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे, तिथे प्रायमरीतलं मत हेसुद्धा घटनेनं राखलेलं मत आहे. थरगुड मार्शल तेव्हा एनएएसीपीचे वकील होते (ते पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले). त्यांनी या धाग्याचं टोक पकडलं. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांना १९४० च्या प्रायमरीत मत नाकारलं गेलं होतं. त्यांच्या खटल्यात ३ एप्रिल १९४४ रोजी न्यायालयानं आठ विरुद्ध एक मतांनी १९३५ चा स्वतःचाच निकाल फिरवला. विरोधात गेलेले एकटे न्यायमूर्ती रॉबर्ट्स, म्हणजे १९३५ चा निकाल ज्यांनी लिहिला होता तेच. न्यायालयाचे निकाल आता त्या दिवसापुरत्या आणि त्या गाडीपुरत्याच चालणाऱ्या रेल्वेच्या तिकिटासारखे होत चाललेत, अशा अर्थाचं त्यांनी चिडून लिहिलं.

त्याच वर्षी २२ जुलैला डॉ. निक्सन यांनी एल पासोमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत मतदान केलं. पहिल्यांदा अडवलं त्याला २० वर्षं झाली होती.

पळवाटा तरीही संपल्या नाहीत. साउथ कॅरोलायना राज्यानं १९४४ मध्येच विशेष अधिवेशन बोलावून प्रायमरीबद्दलचे आपले सगळे कायदे रद्द करून टाकले, म्हणजे प्रायमरी पूर्ण ‘खाजगी’ झाली. ती शक्कल १९४७ मध्ये कोर्टात मोडली. आणि टेक्सासच्या फोर्ट बेंड काउंटीत तर १८८९ पासून ‘जेबर्ड’ नावाची संघटना होती. काउंटीतले सगळे गोरे मतदार तिचे आपोआप सभासद. ती प्रायमरीच्याही आधी, मे महिन्यात, आपलं वेगळं मतदान घ्यायची. त्यात जिंकलेला माणूस जुलैच्या प्रायमरीत बहुतेक वेळा बिनविरोध, आणि नोव्हेंबरमध्ये तर काय, निवडून आलेलाच. सरकारी मतपत्रिका नाही, सरकारी पैसा नाही, कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९५३ मध्ये हेही बंद केलं, पण न्यायमूर्तींचं कारणांवर एकमत झालं नाही आणि बहुमताचा असा एक निकाल लिहिलाच गेला नाही. मला हा सगळा प्रवास वाचताना त्यातली सरळ रेष भयंकर वाटते. नोव्हेंबरला संरक्षण मिळालं की निर्णय जुलैत सरकतो, जुलैला मिळालं की मे महिन्यात.

आता संशोधक म्हणून या गोष्टीकडे पाहा. समजा तुम्ही ठरवलं, ‘१९२० ते १९४० दरम्यान टेक्सासमध्ये कृष्णवर्णीय मतदारांचा निवडणुकीच्या निकालावर परिणाम’. तुम्ही नोव्हेंबरचे आकडे गोळा केले. काउंटीनिहाय तक्ता केला, सगळं अगदी स्वच्छ. तुमच्या डेटात परिणाम सापडणारच नाही, आणि न सापडण्याचं कारणही त्या डेटात कुठेच दिसणार नाही. कारण तुमच्या अवलंबी चलात बदल व्हायला जागाच नाही, तो आधीच ठरलेला आहे. कितीही भारी मॉडेल लावा. नमुना निवडायच्या आधी निवड होऊन गेली आहे.

लिंडन जॉन्सन १९४८ मध्ये टेक्सासमधून सेनेटर झाले ती निवडणूक पाहा. जुलैच्या प्रायमरीत अकरा उमेदवार होते. माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन बऱ्याच मतांनी पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नव्हती. ‘सगळ्यात जास्त मतं तो विजयी’ असा नियम असता तर जॉन्सन तिथेच संपले असते. पण टेक्सासचा नियम बहुमताचा, म्हणून ऑगस्टमध्ये दोघांत फेरमतदान झालं. त्यात जवळपास दहा लाख मतांमध्ये जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. जिम वेल्स काउंटीतल्या १३ नंबरच्या पेटीत मागाहून वाढलेल्या मतांचं प्रकरण आजही अमेरिकन राजकारणात उगाळलं जातं. नोव्हेंबरमध्ये मात्र ते आरामात आले. त्या नोव्हेंबरच्या आकड्यांवरून कुणी जॉन्सन यांच्या राजकीय ताकदीचा अंदाज बांधायला बसला तर काय होईल, विचार करा. आणि १५ वर्षांनी हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले.

दक्षिणेच्या एकपक्षीय राजकारणावरचा पाया घालणारा अभ्यास व्ही. ओ. की यांचा, १९४९ चा. ते स्वतः टेक्सासचे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पक्ष एकच असला की प्रायमरीत माणसं लढतात, धोरणं नाही. गट दर निवडणुकीला बदलतात, मतदाराला कुणाला जबाबदार धरायचं कळत नाही, आणि अशा गोंधळात नुकसान होतं ते गरिबांचं. जवळपास ७० वर्षांनी, २०१८ मध्ये, डेव्हिन कॉही यांनी त्या काळातल्या जनमत चाचण्यांचे जुने आकडे आणि काँग्रेसमधल्या मतदानाची नोंद एकत्र करून वेगळं चित्र मांडलं. त्यांच्या मते दक्षिणेतले खासदार आपल्या मतदारांना बऱ्यापैकी धरून होते. गोऱ्या मतदारांचं मत जसं डावी-उजवीकडे सरकलं तसे तेही सरकले, कारण प्रायमरीची भीती खरी होती. मतदार म्हणजे अर्थात गोरेच. प्रायमरीच्या आत लोकशाहीसारखं काहीतरी चालू होतं, आणि लाखो माणसं त्या खोलीच्या बाहेर उभी होती. मला दोन्ही पुस्तकं एकमेकांना खोडून काढणारी वाटत नाहीत. की आतली अव्यवस्था मोजत होते, कॉही आतला प्रतिसाद. पण वाङ्मय-समीक्षेच्या प्रकरणात ‘की विरुद्ध कॉही’ असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तो टाळा.

टेक्सासमध्ये नियमानं मतदार बदलला. नियमानं उमेदवार कसा बदलतो ते पाहायला कॅलिफोर्नियाला जावं लागतं.

१९१३ पासून कॅलिफोर्नियात क्रॉस-फायलिंग नावाचा प्रकार होता. एकच उमेदवार एकाच वेळी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक अशा दोन्ही प्रायमरींत अर्ज भरू शकायचा. आणि मतपत्रिकेवर तो मुळात कुठल्या पक्षाचा हे छापलेलंच नसायचं! अट एकच राहिली: स्वतःच्या पक्षात हरलात तर दुसऱ्याचं तिकीट मिळणार नाही. १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जेम्स रॉल्फ यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकली, पण स्वतःच्या रिपब्लिकन पक्षात हरले, आणि बाद झाले.

अशा नियमाखाली शहाणा उमेदवार काय करेल? पक्षाचा झेंडा गुंडाळून ठेवेल, दोन्हीकडच्या मतदाराला चालेल असं बोलेल. अर्ल वॉरन यांनी नेमकं तेच केलं आणि १९४६ मध्ये गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक दोन्ही प्रायमरी जिंकल्या. (पुढे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाचे सरन्यायाधीश ते हेच.) विधिमंडळातही असेच दोन्हीकडून निवडून आलेले कितीतरी जण. त्यामुळे आत गेल्यावर पक्षशिस्त अशी फार नव्हतीच. सेथ मॅस्केट यांनी २००९ च्या पुस्तकात दाखवलं आहे की क्रॉस-फायलिंगच्या काळात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात पक्षीय ध्रुवीकरण कमी होतं आणि ती पद्धत गेल्यावर ते वाढत गेलं.

‘वा, मग हीच पद्धत चांगली!’ असं म्हणायच्या आधी आर्टी सॅमिश यांना भेटा. हे दारू, रेसकोर्स वगैरे धंद्यांचे लॉबिस्ट. पक्ष दुबळे, आमदाराला निवडणुकीला पैसा हवा, मग तो पैसा कुठून येणार? १९४९ मध्ये ‘कॉलियर्स’ मासिकात त्यांचा फोटो छापून आला. मांडीवर एक बोलका बाहुला, आणि तो बाहुला म्हणजे कॅलिफोर्नियाचं विधिमंडळ! फोटो त्यांनी स्वतः हौसेनं काढून घेतला होता. पुढे करबुडवेगिरीत ते तुरुंगात गेले. ध्रुवीकरण कमी होतं हे खरं, पण निर्णय परत एकदा मतपेटीबाहेर सरकला होता.

१९५२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे दोन प्रस्ताव होते. क्रॉस-फायलिंग पूर्ण बंद करा, हा थोडक्यात पडला. पद्धत ठेवा पण उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापा, हा मंजूर झाला. १९५४ पासून पक्ष छापून यायला लागला. दोन्ही प्रायमरी जिंकणं एकदम अवघड झालं, आणि १९५९ मध्ये पद्धतच संपली.

विज्ञानाकडून आलेल्या कुणालाही इथे हुरूप येतो. नियमात फक्त एक शब्द वाढला, बाकी सगळं तेच: मतदार तेच, राज्य तेच. आयता प्रयोग! थांबा. नियम कुणी बदलला? १९३० च्या दशकाच्या मध्यापासून कॅलिफोर्नियात नोंदणीकृत मतदार डेमोक्रॅट जास्त होते, तरी १९४० आणि ५० च्या दशकांत सत्ता बहुतेक काळ रिपब्लिकनांकडेच होती. मतपत्रिकेवर पक्ष छापला तर कुणाचा फायदा हे सगळ्यांना दिसत होतं. क्रॉस-फायलिंगविरुद्धची मोहीम डेमोक्रॅटांनी चालवली, आणि १९५८ मध्ये सत्ता हातात आल्यावर पुढच्याच वर्षी ती पद्धत कायमची काढली. म्हणजे डेमोक्रॅट वाढले म्हणून नियम बदलला, की नियम बदलला म्हणून डेमोक्रॅट वाढले? दोन्ही थोडं थोडं. त्याच्या तुलनेत १९४४ चा निकाल बघा. तो वॉशिंग्टनमधून आला, आणि ज्यांच्यावर लादला गेला त्या सगळ्या राज्यांचा त्याला विरोध होता. कार्यकारणभाव शोधणाऱ्याला असा बाहेरून आलेला बदल हजार पटींनी बरा. तुमच्या विषयात नियम बदलल्याची तारीख सापडली की आनंद होणं साहजिक आहे. पण त्या तारखेच्या आधीच्या दोन वर्षांचे कागद आधी काढा.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. २०१४ च्या लोकसभेला काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरीचा प्रयोग केला, त्यात महाराष्ट्रातले वर्धा आणि लातूर होते. मत सामान्य मतदारानं नव्हे, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी द्यायचं होतं. दोन्ही जागा पक्ष हरला. पण त्या वर्षी काँग्रेसला अख्ख्या महाराष्ट्रात दोनच जागा मिळाल्या. मग प्रायमरीनं काय केलं? या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि ‘प्रायमरी फसली’ अशी हेडलाइन मात्र अगदी सहज करता येते.

आजच्या अमेरिकेत हा विषय तापलेला आहे तो ध्रुवीकरणामुळे. वर्तमानपत्री समज असा की प्रायमरीला फक्त कट्टर लोक येतात, म्हणून कट्टर उमेदवार निघतात, म्हणून प्रायमरी सर्वांना खुली करा. एलिझाबेथ गर्बर आणि रिबेका मॉर्टन यांच्या १९९८ च्या अभ्यासात बंद प्रायमरीतून आलेले खासदार जास्त टोकाचे दिसले होते. २०१४ मध्ये मॅकगी, मॅस्केट आणि सहकाऱ्यांनी राज्यांच्या आमदारांचा मोठा डेटा घेऊन पाहिलं तर खुल्या-बंदचा फरक जवळपास नाहीच. हिरानो, स्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये काँग्रेसबद्दल असंच काहीसं मांडलं होतं. साइड्स आणि इतरांनी तर प्रायमरीला येणारे मतदार आपल्याच पक्षाच्या बाकी समर्थकांपेक्षा फारसे वेगळे नसतात असं दाखवलं. माझं मत विचाराल तर ‘खुली’ आणि ‘बंद’ हे दोन डबेच जरा फसवे आहेत. एकाच डब्यात अशी राज्यं येतात जिथे मतदाराची पक्षनोंदणी मुळातच होत नाही आणि अशीही जिथे नोंदणी आहे पण सूट आहे. डबा चुकला की सरासरी शून्याकडे येते.

यातला मला सगळ्यात आवडलेला पेपर अँड्र्यू हॉल यांचा, २०१५ चा. त्यांनी फक्त अटीतटीच्या प्रायमरी निवडल्या, जिथे एक टोकाचा आणि एक मवाळ उमेदवार होता आणि निकाल थोडक्या मतांनी लागला. इतक्या थोड्या फरकात कोण जिंकला हे जवळपास नाणेफेकीसारखं, म्हणून दोन्ही प्रकारच्या जागा एरवी सारख्याच धरता येतात. मग नोव्हेंबरला काय झालं? टोकाचा उमेदवार निवडलेल्या पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्के-बिंदूंनी घसरली. पद्धत देखणी आहे. तिची मर्यादाही तिच्यातच आहे: ज्या जागी दुसऱ्या पक्षाला उभं राहायलाही माणूस मिळत नाही तिथे ही घसरण पचून जाते. १९४० चं टेक्सास हे अशा जागेचं टोकाचं उदाहरण.

कॅलिफोर्नियानं २०१० मध्ये नवा नियम आणला: जूनमध्ये सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, आणि पहिले दोन नोव्हेंबरला, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. २०१२ मध्ये राज्यभर पहिल्यांदाच वापरला, तेव्हा काँग्रेसच्या ३१ व्या मतदारसंघात गंमत झाली. भाग डेमोक्रॅटांकडे झुकलेला, ओबामांनी तिथे नोव्हेंबरमध्ये सहज आघाडी घेतली. पण जूनमध्ये चार डेमोक्रॅट उभे राहिले, मतं फुटली, आणि पहिल्या दोन जागा दोन रिपब्लिकनांनी घेतल्या. नोव्हेंबरमध्ये तिथल्या डेमोक्रॅट मतदारासमोर काँग्रेससाठी स्वतःच्या पक्षाचा उमेदवारच नव्हता. मतं फुटण्याचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. पण इथे आणखी एक गोष्ट होती. जूनला येणारा मतदार आणि नोव्हेंबरला येणारा मतदार एकच नव्हता.

शेवटचं उदाहरण मिसिसिपीचं, २०१४ चं. तिथे आता एकतर्फी पक्ष रिपब्लिकन आहे, बाकी मांडणी तीच. सेनेटर थॅड कॉक्रन सहा वेळा निवडून आलेले. जूनच्या पहिल्या फेरीत त्यांच्याहून कडवे ख्रिस मॅकडॅनियल किंचित पुढे राहिले, पण निम्मी मतं कुणालाच नाहीत. तीन आठवड्यांनी फेरमतदान. मिसिसिपीत मतदाराची पक्षनोंदणी नसते. पहिल्या फेरीत डेमोक्रॅटिक प्रायमरीत ज्यानं मत दिलं नाही, त्याला रिपब्लिकन फेरमतदानात देता येतं. प्रायमरीत मत देणाऱ्याचा त्याच उमेदवाराला पुढे पाठिंबा देण्याचा इरादा हवा, असंही कायद्यात लिहिलेलं आहे, पण मनातला इरादा केंद्रावर तपासणार कसा? कॉक्रन यांच्या माणसांनी कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये उघडपणे मतं मागितली, बहुतेक डेमोक्रॅटांकडून. फेरमतदानाला सहसा लोक कमी येतात, इथे पहिल्या फेरीपेक्षा जास्त आले. कॉक्रन साडेसात हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. मॅकडॅनियल कोर्टात गेले, तिथे त्यांचा अर्ज मुदतीत आला नाही म्हणून फेटाळला गेला.

नोव्हेंबरमध्ये कॉक्रन सहज निवडून आले. त्या निकालाच्या तक्त्यात कृष्णवर्णीय मतदारांनी काही फरक पाडला असं दिसत नाही. तो पाहायचा तर २४ जूनच्या फेरमतदानाचे काउंटीनिहाय आकडे उघडावे लागतात, आणि त्यांच्या शेजारी ३ जूनचे ठेवावे लागतात.